अकरावे पान

आमच्या तालुक्याच्या कॉलेजचा वार्षिकांक तीन विभागांत निघायचा. आधी मराठी, मग हिंदी, शेवटी इंग्रजी. १९८३ साली आम्ही तिघा मित्रांनी तीन मराठी लेख लिहिले आणि संपादक असलेल्या सरांच्या हाती दिले. सरांनी लेख उघडले नाहीत. वरची नावे वाचली आणि म्हणाले, "हिंदी विभागात द्या की. तुमची भाषा तीच ना? तिथं साहित्यही कमी पडतंय."

सर रागाने बोलले नव्हते. उलट आमची सोयच पाहत होते. पण आमची भाषा ती नव्हती. घरात दखनी, शाळेत पहिलीपासून मराठी, आणि मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे कुराण वाचण्यापुरती अरबी अक्षरे, एवढीच आमची विद्या. आमच्यातल्या एकाचे अब्बा मणेर. खांद्यावर बांगड्यांची माळ घेऊन वाड्या-वस्त्या फिरायचे. संक्रांतीच्या आधी आयाबाया त्यांची वाट बघत बसायच्या. त्या फेरीवरचा लेख अस्सल आमच्याकडच्या मराठीत होता. तो हिंदीत कसा लिहायचा?

अंक हाती आला तेव्हा दोन लेख गळाले होते. बांगड्यांचा लेख छापून आला होता. मराठीतच होता, पण हिंदी विभागात. आम्ही तो अंक घेऊन एस.टी. स्टँडवर बसलो आणि पोट धरून हसलो. घरी पोचेपर्यंत हसू गेले होते.

१९८५ मध्ये एम.ए.साठी आम्ही कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आलो. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे होते. सोलापूरचे वेगळे विद्यापीठ २००४ मध्ये झाले. कॉलेजांच्या वार्षिकांकांची विद्यापीठ स्पर्धा घ्यायचे. स्पर्धेसाठी आलेले गठ्ठे आम्ही हौसेने चाळत असू. मुखपृष्ठावर इमारत, आत प्राचार्यांचे मनोगत, बक्षीसपात्र खेळाडूंचे फोटो, मग 'आई', 'पाऊस', 'हुंडा: एक शाप' अशा कविता आणि निबंध, आणि शेवटी मालकीच्या निवेदनाचा फॉर्म नंबर चार. विद्यार्थ्यांच्या फीमधून अंक निघायचा, पण त्यात काय यावे हे ठरवणारा विद्यार्थी क्वचितच असायचा.

भित्तिपत्रिकेत थोडी मोकळीक होती. ड्रॉइंग पेपरवर स्केचपेनने लिहायचे आणि विभागाच्या काचपेटीत लावायचे. पण काचपेटीची किल्ली विभागप्रमुखांकडे असायची.

म्हणून आम्ही स्वतःचा अंक काढायचे ठरवले. 'अस्मितादर्श'चे उदाहरण समोर होते. त्या वेळच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या लिहिण्यातून एक नियतकालिक उभे राहिले आणि त्याने एका अख्ख्या समाजाला लिहिते केले, हे आम्ही वर्गात शिकत होतो. आपल्यातलेही कुणी लिहिते व्हावे असे आम्हांला वाटे.

छापखान्याचा खर्च झेपणारा नव्हता. सायक्लोस्टाइल करायचे ठरले. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षर कोरायचे. जोर जास्त झाला की कागद फाटे, कमी झाला की अक्षर उमटत नसे. चुकले तर वरून पातळ द्रव लावून वाळेपर्यंत फुंकत बसायचे. पाने सोळा, प्रती दोनशे, किंमत दोन रुपये. वर लिहिले, 'खाजगी वितरणासाठी'. पहिल्या अंकाच्या संपादकीयात आम्ही त्या सरांचा किस्सा नाव न घेता लिहिला आणि शेवटी ठसक्यात जाहीर केले की इथे कुणाचाही लेख नाव बघून बाजूला ठेवला जाणार नाही.

ती वर्षे तापलेली होती. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो यांच्या पोटगीचा निकाल दिला होता. देशभर निकालाच्या विरोधात सभा होत होत्या. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूर ते नागपूर असा निघाला. मोहल्ल्यात एक बोलणे, विद्यापीठात दुसरे, आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये आमच्याकडे बघून तिसरेच.

दुसऱ्या अंकासाठी एका मुलीने लेख दिला. सांगलीकडची, आमच्याच वर्गातली. फुलस्केपची दोन पाने. तिच्या बाजीला मुंबईहून पोस्टकार्ड आले होते. कार्डावर तो शब्द तीनदा होता. लेखात ना मागणी होती, ना घोषणा. कार्ड पोस्टमनने उघडेच आणून दिल्यामुळे घरच्यांआधी गल्लीने ते कसे वाचले, आणि त्यानंतर बाजी अंगणात कपडे वाळत घालायलाही कशी येईना, एवढेच लिहिले होते. असे लेखन आमच्या दोन्ही अंकांत दुसरे नव्हते, हे आम्हांला तेव्हाच कळले होते.

आम्ही तिघे रात्री उशिरापर्यंत बसलो. हे छापले तर मोहल्ल्यात काय होईल? अंकाला जाहिराती देणारे सगळे आपलेच दुकानदार, ते काय म्हणतील? आणि मेसमधली पोरे हाच कागद आपल्या तोंडावर फडकवतील, त्याचे काय? यातली शेवटची भीती खोटी नव्हती. आजही ती खोटी नाही. पण सर्वांत आधी आम्हांला जाहिराती आठवल्या, हेही तितकेच खरे.

सकाळी तिला सांगितले, "लेख चांगला आहे. पण सध्या वेळ बरोबर नाही. तुम्ही दुसरं काही द्या. एखादी कविता?"

तिने पाने घडी करून पर्समध्ये ठेवली. म्हणाली, "मग ती जागा कोरी सोडा. आणीबाणीत पेपरवाल्यांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, तशी. लोकांना कळू दे इथं काहीतरी होतं."

आम्ही जागा कोरी सोडली नाही. अकराव्या पानावर एका टेलरची जाहिरात घेतली. पन्नास रुपये मिळाले. त्यानंतर तिने आम्हांला काही दिले नाही. आमच्या माहितीत तरी कुठेच काही लिहिले नाही. चौथ्या अंकानंतर आमचाही अंक बंद पडला.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा सचिवालयावर नेला होता. त्याला वीस वर्षे होत आली होती. त्या सातजणी रस्त्यावर उतरल्या. आम्हांला तर फक्त दोन पाने स्टेन्सिलवर कोरायची होती, आणि तेवढे झाले नाही. पुढे आम्ही नोकऱ्यांना लागलो, साहित्य संमेलनांत 'आमचे लेखन नाव बघून डावलले जाते' यावर परिसंवादांत बोललो. ते बोलणे खरे होते. कॉलेजच्या सरांचा किस्सा प्रत्येक वेळी सांगितला, टाळ्याही मिळाल्या. अकराव्या पानाचा किस्सा एकदाही सांगितला नाही.

२२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाकचा निकाल लागला, तेव्हा आमच्यातल्या एकाचा फोन आला. "अंक आहे का रे तुझ्याकडं?" एवढेच विचारले. कुठला अंक, हे विचारावे लागले नाही. निकालावर बोलणे झालेच नाही.

परवा जवळच्या कॉलेजातल्या दोन मुली लेख मागायला आल्या. त्यांचा वार्षिकांक आता मोबाइलवर पीडीएफ म्हणून निघतो. स्टेन्सिल म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागले. दोघींपैकी एक संपादक मंडळात होती. तिने विचारले, "सर, तुम्ही विद्यार्थी असताना सर्वांत चांगलं काय छापलंत?"

आम्ही काय छापले नाही, ते सांगितले. दोघी गप्प राहिल्या. आम्ही एवढेच म्हणालो की तुमच्याकडे असे काही आले आणि छापायला भीती वाटली, तर भीती वाटते असे त्या मुलीला सरळ सांगा. वेळ बरोबर नाही असे सांगू नका. आणि छापता आले तर छापा.

"मग त्या पानावर काय होतं?" धाकटीने विचारले.

आम्ही कपाटातून अंक काढून तिच्यासमोर उघडला. शाई तपकिरी पडली आहे, पण आमच्याच हाताचे अक्षर अजून स्वच्छ वाचता येते: शेरवानी व सूट आठ दिवसांत शिवून मिळतील.