डोंगरातला डबा

बँकेच्या नोकरीत चौतीस वर्षे शिक्के मारले. निवृत्तीनंतर शिक्का पुन्हा हाती येईल, आणि तोही औंढ्याच्या डोंगरात, असे कधी वाटले नव्हते.

गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली. वय वर्षे दहा. ‘लेटरबॉक्सिंग’ नावाचा खेळ इथे खेळायचाच, असा तिचा हट्ट. डोंगरात एक डबा लपवायचा, त्यात वही आणि रबरी शिक्का ठेवायचा आणि वाट कोड्यातून सांगायची. शोधणाऱ्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत, आणि सारे होते तसे ठेवून परतायचे. घरी नेण्यासारखे त्यात काहीच नसते; मला हा खेळ आवडला तो त्यामुळेच.

मूळ इंग्लंडचे. डार्टमूरच्या दलदलीच्या माळावर क्रॅनमेर पूल हे दुर्गम ठिकाण आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. पोहोचणाऱ्याने तीत आपल्या नावाचे कार्ड टाकावे, एवढीच अपेक्षा. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पोस्टकार्डे ठेवू लागले. मागाहून येणारा ती पोस्टात टाकी. शिक्के नंतर आले.

आमचे डोंगर सह्याद्रीपुढे टेकड्याच. पण सहकुटुंब सहलीला तेवढेच बरे. पावसाळ्यात हा खेळ आपल्याला चालणार नाही, पावलागणिक जीव असतो. दिवाळीतही दगड उलथायचे नाहीत, हा नियम मी घातला आणि डबा खडकाच्या उघड्या खोबणीत ठेवला. नातीने खोडरबरावर हळकुंड कोरले होते. उमटले ते आले. कोडे सुरू होत होते ते असे : ‘जिथे नंदी देवळाच्या मागे बसला आहे, तिथून निघा.’ औंढा नागनाथचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले, ही कथा आमच्याकडे मुलांनाही ठाऊक असते. पुढे जुळे पळस, आणि तिथून माझी सत्तर पावले.

घरी येऊन तिने कोड्याची एक प्रत पाकिटात घातली आणि वर पत्ता लिहिला धाकट्या आजोबांचा. मी काही बोललो नाही.

आमची हळदीची अडत वडिलांपासूनची. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा हिशेब मी मांडला, घरात एम.कॉम. मीच. हिशेबात एका पैशाची चूक नव्हती, आजही नाही. पण धाकटा भाऊ आयुष्यभर गादीवर बसला होता आणि मी त्याच्याशी ग्राहकाशी बोलावे तसा बोललो. कागदावर शेवटचे कलम मीच लिहिले होते : फर्मचा जुना शिक्का नष्ट करावा. तो म्हणाला, शिक्का सापडत नाही. मी ते खोटे मानले आणि तसे त्याला तोंडावर सांगितले. त्यानंतर लग्नकार्यात नमस्कार, एवढेच उरले.

एप्रिलमध्ये महावीर जयंतीला नात पुन्हा आली. मिरवणूक आटोपली, उन्हे उतरली, तशी आम्ही गाडी काढली. पळस निष्पर्ण होते. पावले मात्र सत्तरची ब्याऐंशी झाली, माझ्या गुडघ्यांमुळे. डबा जागेवर होता. वहीच्या दुसऱ्या पानावर जांभळ्या शाईत, एक कोपरा झिजलेला, वडिलांच्या फर्मचा शिक्का उमटला होता. खाली तारीख, आणि मालाची पोहोच द्यावी तसा एकच शब्द : ‘पोहोचलो.’ बाजूला दोन लहान मुलांच्या वेड्यावाकड्या सह्या.

विसर्जित फर्मचा शिक्का वापरला म्हणून बँकेत मी हरकतच घेतली असती. तिथे मी चष्मा पुसत बराच वेळ उभा राहिलो.

“आजोबा, हे कोणाचे दुकान?” नातीने विचारले.

“आपले,” मी म्हणालो.

तिने हळकुंडाचा शिक्का त्या शिक्क्याच्या शेजारी मारला. डबा होता तसा ठेवून आम्ही उतरलो. हिंगोलीत शिरल्यावर गाडी घराकडे न वळवता मी जुन्या पेठेतून घेतली. भावाच्या दारात थांबलो, तेव्हा सूर्यास्ताला वीस मिनिटे होती. दार वहिनींनी उघडले, आणि आत वळून एवढेच म्हणाल्या, “अहो, दोन पाने वाढते, वेळ थोडा आहे.”