बॉर्डरलाइन

पीयूसीच्या स्क्रीनवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ०.४८ टक्क्यांवर थांबला आणि माझा जीव भांड्यात पडला. आमच्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल गाड्यांना ०.५ पर्यंत मुभा आहे. हायड्रोकार्बन २९०, मर्यादा ७५० पीपीएम. म्हणजे पास. बाबांची २००७ची, १ लाख ८६ हजार किलोमीटर पळालेली गाडी आणखी सहा महिने रस्त्यावर राहणार होती.

"ताई, काठावर आहे," सेंटरवरचा मुलगा म्हणाला. "पुढच्या वेळी अडकली तर सांगा. नळी जरा बाहेर ओढून धरतो, आकडा येतो खाली."

मी नुसती हसले. पण त्याचा नंबर सेव्ह केला.

घरी बाबा स्टुलावर पाय ठेवून बसले होते. डाव्या पायाला बँडेज. "पास झाली," मी म्हणाले. "बॉर्डरलाइनला आहे, पण पास."

ते काहीच बोलले नाहीत, आणि मग मलाच माझा शब्द ऐकू आला.

आमच्या घरात हा शब्द जुना आहे. बाबांची एचबीए१सी आधी ६.२ आली, मग ६.४. मधुमेह ६.५ पासून. दोन्ही वेळा आम्ही रिपोर्ट वाचून "बॉर्डरलाइनला आहे" म्हणालो आणि फाइल कपाटात ठेवली. मग तीन वर्षं कुणी तपासणीचं नावच काढलं नाही. मागच्या पावसाळ्यात चप्पल लागून झालेली बारीकशी जखम दोन महिने भरेना, तेव्हा काठ कधीच ओलांडून झाला होता.

"पास झाली म्हणजे बरी आहे असं नाही," बाबा म्हणाले. "का वाढलाय ते बघ."

दादाचं मत फोनवर एका वाक्यात आलं: "भंगारात द्या." कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निदान केलं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. नवा परवडणार नसेल तर आतलं काढून रिकामा डबा बसवून देतो, असंही म्हणाला. म्हणजे धूर साफ करणारी एकमेव गोष्टच काढून टाकायची.

शेवटी बाबांच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी पीयूसीचा कागद नीट वाचला. "सीओ वाढलाय, एचसी त्या मानाने बरं आहे. प्लग मिस होत असता तर न जळलेलं पेट्रोल बाहेर आलं असतं, एचसी उसळलं असतं. ही गाडी जाळतेय, पण तिला पेट्रोल जास्त मिळतंय." एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

त्यांनी प्लग काढून दाखवले. टोकांवर कोरडी काजळी. एअर फिल्टर ठीक होता. सायलेन्सरच्या पाइपाला कुठे भोक आहे का, हेही पाहिलं. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असली तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवतो. गळती नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "टेंपरेचरचा काटा कुठे असतो गं?"

मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही कात्रजच्या बोगद्यापर्यंत चक्कर मारून आलो. सिग्नलला काटा हळूहळू वर यायचा, मोकळा रस्ता मिळाला की पुन्हा खाली जाऊन बसायचा. काका हसले. "थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजीन तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं, आत्ताच सुरू झालीय, थंड आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो."

वर मी पीयूसीला नेली होती ती घरापासून पाच मिनिटांवर, सकाळी. कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. थंड गाडी, थंड कन्व्हर्टर. मायलेज पंधरावरून बारावर का आलं, तेही कळलं. वर्षभर मी पेट्रोलच्या भावाला नावं ठेवत होते.

थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवा भरला, प्लग साफ केले. खर्च माझ्या एका वीकेंडच्या खाण्यापिण्याएवढा. वीस मिनिटं गाडी पळवून पुन्हा त्याच सेंटरवर गेले. सीओ ०.१४, एचसी १२०.

मुलाने स्क्रीनकडे पाहिलं, मग वाकून नळी नीट आत आहे ना ते तपासलं. "कार्बन डायऑक्साइड चौदाच्या वर आहे," तो स्वतःशीच म्हणाला. नळी बाहेर ओढली असती तर हवा मिसळून हा आकडाही पडला असता. म्हणजे फसवाफसवीची खूण त्याच स्क्रीनवर उमटते. फक्त तिकडे कुणी बघत नाही.

गाडी म्हातारी आहेच. कन्व्हर्टर कधीतरी खरंच जाईल, तेव्हा दादाचं ऐकावं लागेल. बाबांच्या पायाची जखम आता कडेने भरत आलीय. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. त्या मुलाचा नंबर मी डिलीट केला. सहा महिन्यांनंतरच्या एका तारखेला फोनमध्ये दोन रिमाइंडर लावलेत: एक गाडीच्या पीयूसीचा, दुसरा बाबांच्या रक्त तपासणीचा.