ऑपरेशन कुणाचं?

निपाणी, १४ ऑक्टोबर

चि. मुक्ता हिस,


तुझा मेसेज वाचला. प्रबंधात र. धों. कर्व्यांवर ‘सुप्रजननवादी’ असा शिक्का मारून मोकळी होणार आहेस म्हणे. फोनच केला असता, पण असला विषय निघाला की आमच्या घरात सगळ्यांना एकदमच तहान लागते आणि स्वयंपाकघर भरतं. म्हणून पत्र.

तुझं म्हणणं खोटं नाही. त्या काळी संततिनियमनाचा पुकारा करणाऱ्यांत गरिबांची पोरं मोजणारे पुष्कळ होते. कर्व्यांच्या लिखाणावरही ती सावली आहे. ती लिहीच. पण १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या, या मतांपायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावणाऱ्या आणि १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या माणसाला कोर्टात खेचलं ते पोरं मोजली म्हणून नव्हे. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ लिहिला म्हणून १०० रुपये दंड. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून २००. बाईलाही शरीरसुखाचा हक्क आहे म्हणणारा माणूस लोकांना खपत नव्हता. त्या दुसऱ्या खटल्यात वकील होते डॉ. आंबेडकर, १९२५ साली आपल्या निपाणीत बहिष्कृतांच्या परिषदेला येऊन गेलेले. खटला हरले. १९३८ साली त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही पडला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात.

आणि म्हैसूर? त्या संस्थानानं १९३० सालीच सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाची सोय करायचा हुकूम काढला होता. मी सीमालढ्याच्या घरात वाढलेली. १९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, ते आठवलं की अजून डोकं तापतं. तरी या एका बाबतीत म्हैसूर शहाणं होतं, हे कबूल करते. (हे तुझ्या बाबांना वाचून दाखवू नकोस.)

आता माझं सांगते. नर्स म्हणून माझी सुरुवातीची वर्षं. मार्च जवळ आला की वरून टार्गेट यायचं, इतक्या केसेस पाहिजेतच. आमच्या भागात एक बीडी वळणारी होती, वय चोविसाच्या आसपास, तीन लेकरं. मांडीवर सूप, त्यात जर्दा आणि कापलेली पानं. मी समजावतेय आणि तिची बोटं थांबत नाहीत. ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, “बाई, ह्यांचं नाही व्हत?” नवरा दारात उभा होता. म्हणाला, “मला वजी उचलायची असत्यात.” मला ठाऊक होतं, पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, अंगातली ताकद जात नाही. बोलले नाही. आणीबाणीतल्या १९७६ च्या सक्तीच्या नसबंदीनंतर पुरुषांपुढे तो शब्द काढायचीच चोरी होती आणि माझं टार्गेट भरत होतं. टाके निघायच्या आत ती पुन्हा सूप घेऊन बसलेली दिसली. मजुरी हजार बीड्यांमागे, नुसतं बसून कोण देणार?

कर्व्यांनी मूल नको म्हणून स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या ३८ विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे, पुरुषांचा आकडा शंभरात अर्धासुद्धा भरत नाही. म्हणजे सरकारनं कर्व्यांकडून ऑपरेशन तेवढं उचललं. तेही बाईच्या पोटावर. बाकीचा कर्वे दंडाच्या पावतीसकट तिथंच राहिला.

टीका करायचीच असेल तर कर्व्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या बाजूनं कर. ‘शारदेची पत्रे’ बाईच्या नावानं लिहिली कर्व्यांनी. घरातली खरी बाई मात्र नवऱ्याच्या ध्यासाची झळ सोसत त्याच्या नावाआड राहिली. इथं तुझं प्रकरण मला आवडेल.

दिवाळीला ये. ती बाई अजून आमच्या मागच्या गल्लीतच आहे, बीड्या वळते. तिच्याकडे घेऊन जाईन. आधी तिला विचार, मग शिक्का मार.

तुझी,
आत्या