सनीव्हेलमधला वाडा

घर घेताना माणसाने डोळे उघडे ठेवावेत म्हणतात. आम्ही दोघांनी ते ठेवले होते, पण शाळा किती जवळ, ऑफिस किती लांब आणि महिन्याचा हप्ता किती, एवढ्यावरच. खुद्द घराकडे आम्ही नीट पाहिलंच नाही. त्यामुळे २०११ साली टाऊनहाऊस विकून सनीव्हेलच्या या घरात राहायला आलो, आणि पहिल्याच रविवारी एका मित्राने गाडीतून उतरता उतरता विचारलं, "हे काय, नुसतं गॅरेजच विकत घेतलंत की काय?" तेव्हा आम्हाला उत्तर सुचेना.

त्याचं काही चुकलं नव्हतं. रस्त्यावरून आमचं घर म्हणजे एक बसकं छप्पर, उभ्या खाचांच्या लाकडी तक्त्यांची बिनखिडक्यांची भिंत आणि गॅरेजचं दार. पुढचं दार उघडून आत जावं, तर डोक्यावर पुन्हा आकाशच! घराच्या ऐन मध्यावर उघडी जागा, तिच्या भोवती काचेच्या भिंती आणि काचांपलीकडे खोल्या. घर दाखवणाऱ्या एजंटबाई या जागेला कौतुकाने 'एट्रियम' म्हणत होत्या. आम्ही मनातल्या मनात तिला 'फुकट गेलेली जागा' म्हणत होतो.

कारण आम्हाला एक खोली कमी पडत होती. पुण्याहून आई आमच्याकडे कायमच्या येणार होत्या. (आमच्यापैकी एकजण 'आई आली' म्हणतो आणि दुसरी 'आई आल्या' म्हणते. इथे दुसरीचं ऐकलं आहे.) एट्रियमवर छप्पर टाकलं की आईंची खोली तयार, असा सोपा हिशेब होता. त्याच झपाट्यात भिंतींचे तपकिरी तक्ते पांढरे करायचे, छताच्या तुळया फॉल्स सीलिंगखाली झाकायच्या आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ग्रॅनाइटचा ओटा घालायचा, हेही ठरलं. सगळ्यांच्या घरी असतं तसं आपल्याही घरी असावं, एवढीच आमची डिझाईनची कल्पना!

रंगकाम आम्ही स्वतःच केलं. दोन शनिवार-रविवार घाम गाळून दिवाणखाना आणि बोळ पांढरेशुभ्र केले आणि फोटो भारतात पाठवले. मग कंत्राटदाराने ओट्याच्या नळासाठी फरशी फोडायला घेतली आणि दहा मिनिटांत स्वयंपाकघरात गरम पाण्याचं कारंजं उडालं. घराला हीटरच्या जाळ्या कुठेच नाहीत, तरी पायाखाली ऊब कशी लागते, याचं नवल आम्हाला होतंच. ते कोडं असं सुटलं. काँक्रीटच्या तळातच नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून गरम पाणी फिरतं! कंत्राटदाराने ते विचारलं नव्हतं, आणि आम्हाला ते ठाऊक नव्हतं. ऐन जानेवारीत तीन आठवडे आम्ही स्वेटर घालून जेवलो.

दुरुस्ती करणारा माणूस सुचवला तो दोन घरं सोडून राहणाऱ्या एका आजीबाईंनी. त्या त्यांच्या घरात १९६२ पासून राहत होत्या. त्या माणसाने आधी नळ्यांत दाब देऊन गळती किती ते पाहिलं, मग उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने जमिनीखालच्या नळ्यांचा नकाशाच काढला आणि एका ठिकाणी फोडून सांधा जोडला. आजीबाई मात्र आमच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या. "तुम्ही महॉगनी रंगवलीत?" एवढंच म्हणाल्या. चहाला बोलावून त्यांनी आमच्या घराची जन्मकथा सांगितली. पुढे आम्हीही वाचलं.

ही घरं जोसेफ आयक्लर नावाच्या बिल्डरची. न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबात १९०० साली जन्मलेला हा गृहस्थ मूळचा बांधकामवाला नव्हेच. लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात त्याची अर्धी हयात गेली. १९४०च्या दशकात त्याचं कुटुंब हिल्सबरो गावात फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पीने बांधलेल्या एका घरात भाड्याने राहिलं आणि त्याच्या डोक्यात घेतलं, की असं घर साध्या पगारदार माणसालाही मिळालं पाहिजे. १९४९ पासून पुढच्या पाव शतकात त्याने सुमारे ११,००० घरं बांधली. त्यातली बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आहेत. नकाशे मात्र अॅन्शेन अँड अॅलन, जोन्स अँड एमन्स, क्लॉड ओकलंड अशा नाणावलेल्या वास्तुशिल्पींकडून काढून घेतले. खांब आणि तुळया भार घेतात, म्हणून भिंती काचेच्या चालतात. रस्त्याला पाठ आणि अंगणाला तोंड. छताच्या फळ्या आतून जशाच्या तशा दिसतात. माळा नाही, तळघर नाही.

आजीबाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट आमच्या जास्त जिव्हारी लागली. त्या काळी या देशात कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतातच अट असे, की हे घर गोऱ्या माणसाशिवाय कुणाला विकू नये. अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने १९४८ साली ठरवलं, तरी व्यवहारात दारं बंदच होती. घरविक्रीत वर्णभेदाला बंदी करणारा केंद्रीय कायदा यायला १९६८ उजाडलं. आयक्लर मात्र १९५०च्या दशकातच काळ्या आणि आशियाई कुटुंबांना उघडपणे घरं विकत होता. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध धोरण घ्यायचं नाकारलं, तेव्हा १९५८ साली त्याने संघटनेचाच राजीनामा दिला. आपल्यासारख्यांना १९६५च्या कायद्यानंतर या देशाचं दार खऱ्या अर्थाने उघडलं. त्याच्याही आधी या माणसाने आपल्या घरांचं दार उघडं ठेवलं होतं. आणि आम्ही त्याच्या घरात आल्या आल्या कशात हात घातला, तर त्याचा तळ फोडण्यात!

तरी एट्रियमचा बेत आम्ही सोडला नव्हता. इतिहास इतिहासाच्या जागी, आईंना खोली तर हवीच! नकाशा काढून झाला होता. परवानगीचा अर्ज भरून टेबलावर पडला होता. तेवढ्यात डिसेंबरात आई आल्या. आल्या दिवसापासून त्यांचा मुक्काम एट्रियममध्ये. एक खुर्ची टाकून मेथी निवडत बसायच्या. मग एके दुपारी पाऊस आला. त्यांनी खुर्ची वळचणीला सरकवली आणि छपराच्या कडेने गळणाऱ्या धारांकडे बघत म्हणाल्या, "पागोळ्या!"

हा शब्द आम्ही कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. नारायण पेठेतला आमचा वाडा १९९४ साली पाडला. मध्ये चौक, तुळशीवृंदावन, भोवती ओसरी, सागवानी खांब. बिल्डरने चार मजले चढवले, प्रत्येक भावाला एकेक फ्लॅट दिला. खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेल्या. संमतीच्या कागदावर आम्ही इथून सही करून पाठवली होती. आमचंही म्हणणं होतं, की चौकाची केवढी जागा वाया जाते!

रात्री आईंना नकाशा दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला. म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही म्हणालात, चौकाची जागा वाया जाते. बांधा खोली. मला काय, मी कुठेही झोपेन. पण मग पाऊस बघायला जाऊ कुठे?"

अर्ज आम्ही भरला नाही. खरं सांगायचं तर तो फक्त आईंच्या शब्दाखातर नव्हे. त्या रात्री आम्ही नकाशा पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं, की रस्त्याकडे खिडकी नसलेल्या या घराला निम्मा उजेड चौकातूनच मिळतो. चौक झाकला की स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागला असता. वाड्याचंही तेच होतं.

मग आम्ही उलट्या बाजूने विचार केला. घर कशामुळे 'ते' घर आहे? चौक, काच, तुळया आणि बसकं छप्पर. याला हात लावायचा नाही. बाकीचं म्हणजे घराचे कपडे. ते खुशाल बदलावेत. चौकालगतच्या अभ्यासिकेत आईंची खोली केली. बाथरूमचं दार रुंद केलं, धरायला दांडे बसवले. घरात एकही पायरी नाही, हे त्यांच्या गुडघ्यांना मोठंच वरदान ठरलं. कॉम्प्युटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेला आणि आजही तिथे अडचण करून आहे. फोडणीच्या धुराला चांगला पंखा हवाच होता. माळा नसल्याने त्याचं धुराडं लपवायला जागाच नाही. ते सरळ वर छपरातून काढलं. उष्णतारोधक फोम छपराच्या वरच्या अंगाने घातला, आणि त्याखालूनच नव्या वायरी नेल्या, म्हणजे आतल्या फळ्या उघड्या राहिल्या. काचा दुहेरी केल्या, पण तेवढ्याच मोठ्या, मध्ये पट्ट्या न घालता.

पांढऱ्या भिंतींचं काय? महॉगनीचा थर कागदासारखा पातळ असतो. रंग घासायला जावं तर थरच निघून येतो. दिवाणखान्याची एक भिंत नव्या तक्त्यांची करून घेतली, खिशाला चांगलीच चाट बसली. बोळ अजून पांढराच आहे. जाता-येता आमची चूक आम्हाला दिसत असते.

ही घरं जपावीत हे आता गावांनाही पटलं आहे. सनीव्हेलने २००९ साली आयक्लर घरांसाठी मार्गदर्शक नियम केले, पालो आल्टोने २०१८ साली. पालो आल्टोच्या ग्रीनमेडो आणि ग्रीन गेबल्स या दोन वस्त्या तर २००५ सालीच ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेल्या. शेजारी दुमजली घर उठलं तर काचेच्या घरातल्यांनी जेवायला तरी कसं बसायचं, हा प्रश्न यात मोठा आहे. आपलीही बरीच मंडळी अशी घरं घेतात, म्हणून आमचा अनुभवाचा सल्ला एवढाच, की घरात आलात की एक वर्ष हातोडी उचलू नका. एक पावसाळा, एक उन्हाळा तिथे काढा, आधीच्या शेजाऱ्यांना चहाला बोलवा. मग काय पाडायचं ते ठरवा.

आई २०१९ साली गेल्या. आठ हिवाळे त्यांनी पाऊस चौकात बसून पाहिला. मागच्या वर्षी एका एजंटने सुचवलं, की चौक बंद केलात तर विकताना चौरस फूट वाढतील. आमची कन्या, जिचं मराठी 'मी येते, तू येते' इतपतच, त्याला इंग्रजीत ठणकावून म्हणाली, की तो एट्रियम नाही, तो आजीचा 'चौक' आहे.

इकडे कधी आलात तर जरूर या. बाहेरून गॅरेजसारखं दिसेल, तरी बेल वाजवा. पाऊस असला तर चहा चौकातच घेऊ.