मारतं कोनाले?

लेकीच्या गणिताच्या वहीतला मधला कागद काढला, त्यावर उजवा पंजा पालथा ठेवला आणि बोटांच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती भरतं, तळवा किती रुंद आहे, हे नागपूरच्या दुकानात कळवायचं होतं. सासूबाई शेजारी ज्वारी पाखडत होत्या.

"बांगड्याचं माप हाये का वं?"

"नाही आई. पिस्तुलाचं."

सूप हातातच राहिलं. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मारतं कोनाले?"

"कागदाला," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं होतं, पण त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. पोचणार तरी कसं? त्यांचा थोरला भाऊ पन्नास वर्षांपूर्वी शेतात जागलीला गेला होता. थंडी होती म्हणून घोंगडं पांघरून धुऱ्यावर बसला. शेजारच्या शेतातल्या माणसाला काळोखात हलणारं घोंगडं रानडुकरासारखं दिसलं. भरमारीचे छर्रे मांडीत गेले. माणूस जगला, पण पुढे आयुष्यभर काठी घेऊन चालला. बंदूक म्हटली की सासूबाईंना ते घोंगडं आठवतं.

आमच्या या मुलखात बंदुकीसमोर कायम कोणीतरी असतंच. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, तरी जुन्या घरांच्या भिंतींवर शिंगं टांगलेली दिसतात. गडचिरोलीकडच्या गावांतून लोक ठासणीच्या भरमार बंदुका पोलिसांकडे आणून देतात, त्याच्या बातम्या येतात. जवळ भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. तिथे तयार होतं ते कुठल्या तरी सीमेवर, कुणाच्या तरी दिशेने जातं. इतकंच काय, ज्या माणसामुळे आमच्या वरोऱ्याचं नाव जगाला कळलं, त्या बाबा आमट्यांकडेही चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक होती. हिंगणघाटच्या जमीनदाराचा तो मुलगा शिकारीला जायचा, त्याच्या मोटारीच्या गाद्यांवर बिबट्याचं कातडं होतं. वरोऱ्यात वकिली करणाऱ्या त्याच माणसाने १९४९ साली इथल्या खडकाळ माळावर कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन वसवलं. मी लहानपणापासून आनंदवनाच्या फाटकासमोरून जाते-येते. पिस्तुलाचा विचार डोक्यात शिरल्यापासून मात्र तो चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याची बंदूक मला पुन्हापुन्हा आठवू लागली.

मला हे वेड लागलं पॅरिसच्या ऑलिंपिकने. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेला रायफलमध्ये कांस्य मिळालं, तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही सगळे एका मोबाईलवर वाकलो होतो. बाकीच्यांनी पदक पाहिलं. मी त्या आधीची शांतता पाहत राहिले. वीस वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी. इतकं स्तब्ध राहता येतं, आणि त्या स्तब्धतेचे गुण मिळतात, हे मला ठाऊक नव्हतं. रायफलसाठी जाड जाकीट, खास बूट, पट्टे असा मोठा संसार लागतो. पिस्तुलाला एक हात पुरतो. नियमच तसा आहे: एका हाताने धरायचं, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, कशाचाही आधार घ्यायचा नाही.

नागपूरला एका सरांकडे चार रविवार गेले. राही सरनोबतने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटरच्या पिस्तुलावर; मला तेच हवं होतं. सर म्हणाले, ताई, ते .२२ चं काडतूस, त्याला परवाना हवा, आणि मुख्य म्हणजे स्फोटाच्या आवाजाने नवशिक्याचे डोळे मिटतात. आधी दहा मीटर, हवेचं पिस्तूल. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या हवेच्या हत्याराला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचा जोर तर त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पडावं, एवढंच त्याच्याकडून मागितलेलं असतं. हे ऐकलं तेव्हा मला आतून बरं वाटलं.

मग दुकान. सरांनी टेबलावर तीन पिस्तुलं मांडली. पहिलं स्प्रिंगचं, स्वस्त. चाप ओढला की आत दट्ट्या सुटतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच सगळं पिस्तूल हिसका खातं. नेम चुकला तर हात चुकला की हत्यार, ते शिकणाऱ्याला कळत नाही. ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही अशा गुरूकडे मूल कशाला पाठवायचं? ते मी लगेच बाजूला सारलं.

दुसरं जर्मन, दाबलेल्या हवेच्या नळकांड्याचं. हातात घेतलं आणि मोह झाला. दोनशे बारच्या दाबाची हवा, धक्का जवळजवळ नाहीच, चाप लोण्यासारखा. किंमत लाखाच्या वर. पैशांची तजवीज एखाद वेळेस झालीही असती. पण हवा संपली की वरोऱ्यात भरायची कुठे? पाणबुडे वापरतात तसलं मोठं सिलिंडर आणून ठेवायचं, नाहीतर हातपंपावर घाम गाळायचा. नळकांड्याला मुदत असते, साधारण दहा वर्षांची. काहींचा चाप तर विजेवर चालतो. २०२१ मध्ये टोकियोला पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच प्रकारात तिने कांस्य घेतलं, हे तिचं मोठेपण. पण तिच्यामागे संघ होता, कारागीर होते. माझ्यामागे शंभर किलोमीटरचा नागपूर रस्ता होता.

तिसरं जुनं, कोणीतरी वापरून सोडलेलं, रशियन. खाली लांब दांडा. प्रत्येक नेमाआधी तो दांडा एकदा उघडायचा, एकदा मिटायचा, की एका छर्ऱ्यापुरती हवा आत कोंडली जाते. स्पर्धेत साठ नेम. म्हणजे साठ वेळा दांडा, वर सरावाचे वेगळे. दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम, दमाल. मला मात्र तो दांडा आवडला. प्रत्येक वेळी मारायच्या आधी थांबावं लागतं. आणि हवा काय, वरोऱ्यात रगड आहे.

तरी सरांनी लगेच घेऊ दिलं नाही. आधी चापाचं वजन करून दाखवलं. नियमाप्रमाणे पाचशे ग्रॅमपेक्षा हलका चाप चालत नाही. अर्ध्या किलोचं वजन चापाला टांगून ते उचललं गेलं पाहिजे. तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मऊ भागाने हे अर्धा किलो हळूहळू गोळा करायचं. चाप आधी थोडा सैल सरकतो, मग एक भिंत लागते. त्या भिंतीला बोट टेकवून थांबायचं, आणि पुढे ती कधी पडली ते आपल्याला कळूही नये. एवढं नाजूक काम माझ्या बोटाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी बोटाचं ते पेर अंगठ्याने चाचपत बसले होते. आनंदवनाचं फाटक आलं आणि अंगावर काटा आला. कुष्ठरोग नेमकं इथेच घाव घालतो. कोपरापाशी जाणारी नस सुजते, करंगळी आणि अनामिका आत वळतात, आणि बोटांची जाणीव जाते. उकळत्या चहाची भांडी धरली तरी हाताला पत्ता लागत नाही. वास आला, फोड दिसला, म्हणजे कळतं. तिथल्या हातमागावर बसलेल्या एका आजींना मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. धागा बोटांत आहे की सुटला हे त्या बघून ठरवत होत्या. बोटाने सांगायचं ते काम डोळ्यांकडे दिलं होतं. कापडात मात्र कुठे गाठ नव्हती. मुलं पुढे निघून गेली, तरी मी तिथेच उभी होते.

सरांनी एक नाव सांगितलं होतं, कारोली ताकाच. हंगेरीच्या सैन्यातला पिस्तूलपटू. १९३८ साली सरावात हातबॉम्ब उजव्या हातातच फुटला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत सुवर्ण घेतलं. त्या आजी आणि हा ताकाच माझ्या मनात कायमचे शेजारी बसले आहेत. आणि माझ्याकडे दोन्ही हात, दहाही बोटं, सगळी जाणीव शाबूत. निवड करताना मी किती कुरकुरत होते!

पिस्तूल घरी आलं. मूठ मात्र एका पुरुषाच्या पंजाची होती. पाच हजारांची नवी मागवण्यापेक्षा मी ती आमच्या सुताराकडे नेली. ते तीन पिढ्यांपासून कुऱ्हाडीचे, विळ्यांचे दांडे बसवतात. त्यांनी नळी, चाप काहीच पाहिलं नाही, फक्त लाकूड पाहिलं.

"डोये मिटा ताई. हात उचला. आता उघडा. पुढची माशी कुठं हाये?"

माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, मागच्या खाचेच्या डावीकडे गेली होती. सरांनी दुकानात हीच परीक्षा सांगितली होती: डोळे मिटून हात उचलावा, आणि उघडल्यावर माशी आपोआप खाचेच्या मध्यात असावी. सुतारकाकांना ती कुऱ्हाडीवरून ठाऊक होती. अंगठ्याखाली रंधा, तळव्याखाली लाकडाच्या भुश्श्याची लुगदी, मग पॉलिशपेपर, पुन्हा डोळे मिटा. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी डोळे उघडले आणि माशी मधोमध होती, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. पिस्तूल मी खरं तर त्या दिवशी निवडलं.

आमची पडवी लांब आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दहा मीटर भरून थोडी उरते. टोकाला लोखंडी पेटी, तिच्यात छर्रे अडकतात, पेटीवर कागद, जमिनीपासून बरोबर १४० सेंटिमीटरवर, त्यावर दिवा. अंगणाकडचं दार आतून कडी लावून बंद. पहिले तीन आठवडे एकही छर्रा भरला नाही. पाण्याने भरलेला तांब्या हात ताठ करून धरायचा, मग रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या भिंतीवर चाप ओढायचा. डोळा माशीवर ठेवायचा. माशी कोरून काढल्यासारखी दिसली पाहिजे, पलीकडचा काळा गोल धूसर. मला हे सगळ्यात अवघड गेलं. जन्मभर समोरच्याकडे बघायची सवय. इथे समोर काय आहे ते पुसट होऊ द्यायचं, आणि आपल्या हाताच्या टोकाकडे बघायचं.

कार्तिकातल्या एका रात्री पहिल्यांदा छर्रा भरला. सासूबाई जपमाळ घेऊन माझ्या मागच्या खाटेवर येऊन बसल्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. दहा नेम मारले. पिस्तूल उघडून, रिकामं करून, नळी भिंतीकडे ठेवून मी टेबलापासून मागे सरले. त्यांना म्हटलं, "आई, कागद आणता का?"

त्या हळूहळू चालत गेल्या. कागद काढून दिव्यासमोर धरला. सातला, सहाला, एक अगदी कडेला. भोकाभोकातून उजेड येत होता. मधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, त्याच्याही आत पाच मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. एक भोक त्याला नुसतं चाटून गेलं होतं. त्यांनी ते बोटाने चाचपलं. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, पेटीच्या मागे वाकून पाहिलं. मागे फक्त मातीची भिंत होती, पावसाळ्यात पोपडे गेलेली.

"मांगं कोनी नाई," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

त्यांनी नवा कागद घेतला, चारही कोपरे नीट दाबून बसवला, दिवा थोडा सरळ केला. मी टेबलाला हात न लावता उभी होते. त्या पडवीभर चालत मागे आल्या, खाटेवर टेकल्या, माळ हातात घेतली, आणि मान हलवली.

मी दांडा उघडला.