तीन मार्क

उत्तर बरोबर, रीत बरोबर, एकक बरोबर आणि मार्क शून्य. अकरावीच्या त्या चाचणीचा पेपर आठवला की अजूनही संताप होतो.

अकोले तालुक्यातल्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. मुलं राजूर, भंडारदऱ्याकडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. नेटवर सोडवलेली गणितं ढिगानं मिळतात, मुलं ती वहीत उतरवून मोकळी होतात. म्हणून मी वर्गात स्क्रीनवर असलं गणित एकेक ओळ करूनच उघडतो. पुढची ओळ आधी प्रत्येकानं आपल्या वहीत लिहायची, ती का लिहिली हे शेजारच्याला सांगायचं, मगच उघडायची. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये न्यूटनच्या नियमांवरच्या सोडवलेल्या उदाहरणांबाबत हेच दाखवलं होतं: जी मुलं प्रत्येक पायरीचं कारण स्वतःला समजावत वाचतात, ती पुढं नवी गणितं जास्त चांगली सोडवतात. यात वेळ फार जातो, पोर्शन मागे पडतो. पडू दे.

त्या चाचणीच्या आधी आम्ही घर्षण नसलेल्या उताराचं गणित असंच उघडत गेलो होतो. वरची ऊर्जा आणि खालची ऊर्जा सारखी, एवढंच त्यातलं मर्म. नंतर आजूबाजूच्या कॉलेजांची सामायिक चाचणी झाली, पेपर अदलाबदल करून तपासले. प्रश्न नेहमीचा: 40 मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू सेकंदाला 10 मीटर वेगानं सरळ वर फेकला, g 10 धरा, जमिनीवर आपटताना वेग किती? हवेचा विरोध नाही. जवळपास सगळ्यांनी गतीचं समीकरण लावलं, निम्म्यांची चिन्हं चुकली. ते होतंच, चेंडू वर जातो आणि विस्थापन खाली. एका मुलीनं मात्र उताराचं गणित इथं आणलं. सुरुवातीची गतिज ऊर्जा अधिक mgh बरोबर शेवटची गतिज ऊर्जा, दोन्हीकडचा m गेला, v वर्ग बरोबर 100 अधिक 800, वेग 30. खाली तिनं मोडक्या इंग्रजीत आणखी एक ओळ लिहिली होती, की याच वेगानं चेंडू खाली फेकला असता तरी उत्तर 30 च आलं असतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्यावर लाल काट. मी तपासणाऱ्या सरांना फोन केला. "मॉडेल आन्सरमध्ये ही मेथड नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, उत्तर बघा. ते म्हणाले, प्रकरण गतीचं आहे, ऊर्जेचं नाही. निसर्गाला प्रकरणं असतात का हो? अर्धा तास वाद झाला. मार्क वाढले नाहीत.

मार्कांवर जाऊ नका, हे मुलांना मीच सांगत असतो. पण ते तीन मार्क मला हवे होते, तिच्या नावासमोर, आकड्यात. पेपर तपासणाऱ्यांनी एवढं तरी करावं: उत्तरपत्रिका वाचावी, नुसती जुळवून पाहू नये.

वार्षिक परीक्षेत असाच प्रश्न आला. तिनं समीकरण लावलं, चिन्हं चोख, मार्क पूर्ण. ऊर्जेनं का नाही केलंस, विचारलं. "सर, कशाला रिस्क?" म्हणाली. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना.