लोटा, दोरी आणि विहीर

जैसलमेरहून रामगढमार्गे तनोटला जाणारा रस्ता सुमारे १२० किलोमीटरांचा आहे. मोटारीने हे अंतर दोन-अडीच तासांत सरते. सायकलस्वाराला मात्र त्यासाठी हिवाळ्यातला संपूर्ण दिवस द्यावा लागतो. जानेवारीत तेथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लवकरच मावळतो. रामगढपर्यंत खडकाळ माळ आणि पवनचक्क्यांच्या रांगा; त्यापुढे वाळूच्या टेकड्या, तुरळक खेजडी, केराची झुडपे आणि टेकड्यांबरोबर वर-खाली होत जाणारी डांबरी सडक. वर्षाकाठी २० सेंटिमीटरांहूनही कमी पाऊस पडणारा हा प्रदेश आहे.

जालन्याच्या एका कापड व्यापाऱ्यांनी वयाच्या साठाव्या वर्षी ही वाट एकट्याने सायकलवरून पार करण्याचे ठरवले. दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा होता. त्यांच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. पणजोबा केवळ लोटा आणि दोरी घेऊन मारवाडातून निघाले आणि कोणाच्याही आधारावाचून त्यांनी पेढी उभी केली. महाराष्ट्रातल्या अनेक व्यापारी घराण्यांत ही कथा थोड्याफार फरकाने ऐकू येते. आपणही निदान एक दिवस कोणाच्या आधारावाचून त्या वाळूतून जावे, अशी त्यांची इच्छा होती.

तयारीत व्यापाऱ्याचा काटेकोरपणा होता. दुपारी बाराच्या सुमारास रामगढला पोहोचून त्यांनी सात लिटर पाणी भरून घेतले. चार लिटर मागच्या कॅरियरला बांधलेल्या पिशवीत, तीन लिटर बाटल्यांत. उरलेल्या पंचावन्न-साठ किलोमीटरांसाठी हा साठा पुरून उरणारा होता. परंतु उत्तरेचा वारा थेट तोंडावर येत होता. उतारावरही पायडल मारावे लागे. वीस किलोमीटरांनंतर त्यांनी पिशवीकडे हात नेला, तेव्हा ती रिकामी लोंबत होती. कॅरियरच्या स्क्रूवर घासून तिला भोक पडले होते आणि सारे पाणी थेंबाथेंबाने वाळूत जिरले होते. बाटलीत जेमतेम एक लिटर शिल्लक होते. घड्याळात दोन वाजले होते.

परत फिरले तर वारा पाठीशी आणि रामगढ दीड तासावर. पुढे गेले तर चार तास आणि एक लिटर. लष्कराची दोन वाहने शेजारून निघून गेली. हात वर केला असता तर ती थांबलीही असती. पण हात वर झाला नाही.

थोड्या अंतरावर, रस्त्यापासून शंभर-दोनशे पावलांवर एक वृद्ध मेंढपाळ आडोशाला बसला होता. त्याने स्वतःहूनच हाक मारली. त्याच्याजवळ एक बेरी होती. तोंड जेमतेम दोन हात रुंद, वर लाकडी झाकण. या बेऱ्यांची रचना मोठी विलक्षण आहे. वाळूच्या पोटात काही भागांत जिप्समचा पट्टा असतो. पावसाचे मुरलेले पाणी त्याच्यावर ओलाव्याच्या रूपाने अडून राहते. खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. हा ओलावा बेरीत हळूहळू पाझरतो आणि दिवसभरात काही घागरीच पाणी जमते. अनुपम मिश्र यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात या पाण्याचे सविस्तर वर्णन केले आहे. तेथील लोक त्याला ‘रेजाणी पाणी’ म्हणतात.

वृद्धाने दोरी पाहुण्यांच्या हाती दिली. बादली वर आली, कापडातून पाणी गाळले गेले, बाटल्या भरल्या. पैसे पुढे केले, तेव्हा म्हातारा हसला. पाण्याचे कसले पैसे, असे त्याने विचारले. बेरी कोणी खोदली, हेही त्याला सांगता आले नाही. त्याच्या आजोबांच्या आधीपासून ती तेथे होती. दर पावसाळ्यापूर्वी भोवतालची जागा झाडून स्वच्छ ठेवायची, एवढे मात्र त्याला शिकवले गेले होते.

हातातल्या ओल्या दोरीकडे पाहता पाहता त्या गृहस्थांना पणजोबांची कथा निराळी दिसू लागली. लोटा आणि दोरी घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत विहिरी असतील, हे गृहीतच धरले होते. कोणीतरी त्या आधी खोदल्या होत्या, कोणीतरी त्या राखल्या होत्या, आणि अनोळखी वाटसरूला तेथे दोरी सोडण्याची मुभा होती. वहीत या देण्याला रकाना नव्हता, म्हणून कुळकथेतही ते कधी आले नाही.

चारनंतर वारा पडला. दिवस बुडाल्यावर, संधिप्रकाशात ते तनोटला पोहोचले.

जालन्याच्या दुकानाबाहेर पूर्वी एक रांजण असे. दर्शनी भागाचे नूतनीकरण झाले, तेव्हा तो हलवला गेला होता. परतल्यावर त्यांनी नवा रांजण मागवला. मुलाने व्यवहाराचा प्रश्न विचारला, “बाबा, हा रोज भरणार कोण?”

आता दुकान उघडण्यापूर्वी ते स्वतः येऊन तो भरतात.